नसलेलं नेटवर्क कार्ड

जळगावात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या त्या गृहस्थांना प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायची सवय होती. "चहा घेणार? घेऊ या." "पंखा लावू? नको, राहू द्या." समोरच्यानं फक्त बसून राहायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. क्लासातल्या लिनक्सच्या मशीनला दुसऱ्या मशीनशी जोडणारं नेटवर्क कार्ड नव्हतं, म्हणून त्यांनी प्रोग्रॅम लिहून एक खोटं कार्ड उभं केलं होतं. कर्नेल, म्हणजे मशीनचा आतला कारभारी, बाहेर जायचं पॅकेट, म्हणजे निरोपाचं पुडकं, त्या कार्डावर सोडायचा. यांचा प्रोग्रॅम ते उचलायचा, उत्तर तयार करायचा आणि त्याच वाटेनं कर्नेलला परत द्यायचा.

"त्याले वाटस, बाहेर कोनी शे," ते सांगायचे. खुशीत आले की ते अहिराणीत शिरत; 'शे' म्हणजे आहे.

मशीनचं हे स्वतःशीच बोलणं मला बघवेना. एका रविवारी मी धुळ्याहून माझं मशीन एसटीत मांडीवर घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोन खरी कार्डं आणि वायरही नेली. जोडणी झाली. त्यांनी पॅकेट पाठवलं आणि माझ्या मशीनकडून उत्तर आलं. त्यांनी वाकून स्क्रीनवर उत्तराला लागलेला वेळ वाचला.

"तुमच्याकडून उत्तर यायला उशीर लागतो," ते म्हणाले. मग वायर काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि खोटं कार्ड पुन्हा सुरू केलं.

"वाईट वाटलं? नाही वाटलं."

मी वायर गुंडाळत बसून राहिलो.