गाडीतच बस म्हणे!

दिल्लीकर मंडळी, मुलगा-सून मला गाडीतून अमेरिका दाखवताहेत. आज वाटेत एक गुहा लागली, तिकीट काढून बघायची.

पार्किंगमध्येच मुलगा म्हणाला, "आई, पायऱ्या खूप आहेत, आत अंधार असतो. तू गाडीतच बस."

"गुडगावला लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावर भाजी कोण चढवतं रे? गुडघे माझे आहेत. थकले की मीच सांगेन." आणि निघाले.

खाली गेल्यावर गाईडनं खरा अंधार दाखवायला सगळे दिवे घालवले. मी सवयीनं ओरडले, "अरे, इन्व्हर्टर लागला नाही का?"

मुलगा खो खो हसला. हात मात्र त्यानंच माझा घट्ट धरला होता.

आता तुम्हीच सांगा, गाडीत कुणी बसायला हवं होतं?