लॅपटॉपवर दिसलेला 'नाना उजवा कान'

मंडळी, घरी नेट आहे, पण माणूस नाही. म्हणून आज दुपारी पाचोरा स्टेशनवर फुकटच्या वायफायवर काम करत बसले होते.

हेडफोन जोडायला ब्लूटूथ उघडलं, तर यादीत अनोळखी नाव: 'नाना उजवा कान'. कोणी लॅपटॉपमध्ये शिरतंय की काय, म्हणून घाबरलेच. मग शेजारच्या बाकावरच्या आजोबांच्या कानातलं मशीन दिसलं. त्यांना विचारलं.

"पोऱ्यानी नाव टाकेल शे. तो पुण्याले राहस. त्याना फोन उना का कानमाच वाजस."

"येतो का फोन?"

नाना हसले. "मशीन चांगलं शे."

त्यांची गाडी आली. गाडी हलली तसं यादीतून नावही गेलं. मी उगाच पुन्हा पुन्हा शोधत बसले.

तुमच्या नानांना आज फोन केलात?