हिरव्या रिपोर्टातला कडता

काट्याच्या लाल आकड्यांत एकवीस किलो चारशे ग्रॅम दिसत होतं. रामदासभाऊंनी कीबोर्डवर वीस चारशे टाइप केलं, एन्टर दाबलं, बाहेर आलेली चिठ्ठी फाडून दिली आणि पुढचं क्रेट काट्यावर ओढलं. मी त्यांच्या खांद्यामागेच उभी होते.

"भाऊ, काट्यावर एकवीस आहे."

"हाय ना. एक किलो कडता."

"कडता बंद करायलाच तर हे मशीन बसवलं आपण."

"मशीनचा बंदच हाय मॅडम," रामदासभाऊ म्हणाले. "हा तं मी हातानं टाकून राहिलो."

अकोल्याजवळचा भाजीपाल्याचा यार्ड होता तो, आसपासच्या गावांतल्या भाजीवाल्यांनी मिळून काढलेला. नाव सांगत नाही. रामदासभाऊ तिथले मापाडी, म्हणजे वजन करणारे. आणि कडता म्हणजे ओल, माती, देठ, जे कारण सुचेल ते सांगून वजनातून कापून घ्यायचा वाटा. तो विकत घेणाऱ्याच्या गाडीत फुकट जातो. रामदासभाऊंचं आयुष्य जुन्या मंडीत गेलेलं. घरात शिरताना माणूस चपला काढतो, तसे ते आकड्यातून एक काढत होते. त्यांच्या मनात लबाडीचा लवलेश नव्हता. मला राग आला होता, पण तो त्यांच्यावर काढायची सोय नव्हती. कारण त्यांच्या हातात तो कीबोर्ड आमच्याच कंपनीने दिला होता.

मी तिवस्याहून रोज अमरावतीला येते. एमआयडीसीत वजनाची चिठ्ठी छापणारी ही मशीनं बनवणारी आमची छोटी कंपनी आहे, तिथे मी कर्नलचं काम करते. कॉम्प्युटरच्या सगळ्यात आत बसून मेमरी, डिस्क, प्रिंटर, काटा यांना कोणी हात लावायचा आणि कोणी नाही हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे कर्नल. लिनक्सचा कर्नल आपल्याला हवा तसा बांधून घेता येतो. बांधण्याआधी पर्यायांची लांबलचक यादी समोर येते, आणि प्रत्येकापुढे वाय किंवा एन लावायचं असतं. यातले बरेच पर्याय सुरक्षेचे असतात. ते निवडण्याला आम्ही हार्डनिंग म्हणतो. एक पर्याय असा की मशीन सुरू होताना कर्नल दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी जाऊन बसतो, म्हणजे घुसणाऱ्याला पत्ता सापडू नये. दुसरा असा की एका प्रोग्रामने वापरलेली मेमरी दुसऱ्याला देण्याआधी पुसून द्यायची, पंगतीत ताट विसळून पुढच्याला द्यावं तशी. हे सगळं उपयोगाचं आहे, मी त्याचाच पगार घेते. फक्त यादीला बसण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो. चोर कोण?

यार्डाचे मॅनेजर गावंडे साहेब यांच्या मते चोर रशियात होता.

ते नुकतेच नागपूरला सायबर सुरक्षेच्या कार्यशाळेला जाऊन आले होते. तिथे त्यांना जेवण बरं मिळालं आणि भीती भरपूर. परत आल्यापासून त्यांना खात्रीच झाली होती, की परदेशात कोणीतरी रात्रंदिवस जागून हिवरखेडच्या वांग्यांवर डोळा ठेवून आहे. त्यांनी आमच्या मालकांना, इंगोले सरांना, फोन करून सांगितलं की मशीन शंभर टक्के सिक्युअर पाहिजे आणि तसं कागदावर पाहिजे. इंगोले सरांचा स्वभाव असा की त्यांना कोणी चंद्र मागितला तरी ते आधी "होते ना साहेब" म्हणतात आणि मग माझ्या टेबलापाशी येतात.

कागदाची सोय होती. कर्नलच्या सेटिंग तपासणारं एक छोटं टूल असतं. तज्ज्ञांनी सुचवलेला पर्याय तुम्ही घेतला असेल तर ते हिरवी ओळ दाखवतं, नसेल तर लाल. मी जपून केलेलं काम त्यातून काढलं तर सगळा पडदा हिरवा आला आणि मधोमध एक ओळ लाल.

इंगोले सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे लाल कावून हाय?"

मी समजावलं. कर्नल चालू असताना त्याला मागून जोडता येणाऱ्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. काटा बनवणारी कंपनी आपला ड्रायव्हर, म्हणजे काट्याची भाषा कर्नलला समजावणारा भाग, याच रूपात देते. आतला कोड काही दाखवत नाही. म्हणून मॉड्यूलचा दरवाजा ठेवावा लागतो. मी तो उघडा टाकला नव्हता. ज्या मॉड्यूलवर आमची डिजिटल सही असेल तेच आत, बाकी सगळे बाहेर. टूलला हे कुलूप पसंत होतं. त्याची तक्रार एवढीच होती, की मुळात दरवाजा आहेच कशाला.

"मंग दरवाजा बंद करा," सर म्हणाले.

"काटा बंद पडेल सर. मशीनला वजन कळणारच नाही."

"काट्याचं मागून पाहू. उद्‌घाटन परवा हाय, रिपोर्ट उद्या पायजे. अन् तो हिरवा पायजे."

मी तेव्हा बराच वाद घातला. शेवटी ते म्हणाले की पगार तुम्हाला वाद घालायचा मिळते का, तेव्हा मी वाय खोडून एन केलं. पडदा हिरवागार झाला. सरांनी तो रंगीत छापून, लॅमिनेट करून, फ्रेममध्ये बसवला. उद्‌घाटनाला गावंडे साहेबांचा आणि इंगोले सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. एका वक्त्याने सांगितलं की आता जगातला कुठलाही हॅकर आपल्या वांग्याला हात लावू शकणार नाही. टाळ्या मी पण वाजवल्या, कारण माझ्याकडे सगळे पाहत होते. काटा मशीनशी बोलत नसल्यामुळे वजन तात्पुरतं हाताने टाकावं असं ठरलं, आणि बाजारातून एक साधा कीबोर्ड आणून जोडण्यात आला. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच होता. टूलची त्याला काही हरकत नव्हती.

तात्पुरतं हा शब्द आपल्याकडे किती टिकाऊ आहे हे कोणाला सांगायला नको. वांग्याचा हंगाम सरत आला. मी अधूनमधून काट्याची आठवण करून द्यायचे, सर पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ म्हणायचे. मग एकदा चिठ्ठीचा प्रिंटर अडकायला लागला म्हणून मला अकोल्याला पाठवलं. प्रिंटर दहा मिनिटांचं काम निघालं. ते आटोपून मी सहज काट्यापाशी जाऊन उभी राहिले, आणि एकवीसचे वीस होताना पाहिले.

रांगेत पुढे कमलाबाई होत्या. हिवरखेडच्या. गावातल्या भाजीवाल्यांची गाडी त्यांच्या शब्दावर भरायची आणि त्या म्हणतील त्या यार्डात उतरायची. माझं आणि रामदासभाऊंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी आपलं क्रेट काट्यावर ठेवलंच नाही.

"ताई, हे मशीन तुमीच बनोलं का?"

"हो मावशी."

"मंग त्याले काटा कावून दिसत नाही? मले तं इथून दिसून राहिला."

मी म्हटलं, सुरक्षेसाठी. तोंडातून निघाल्यावर ते कसं वाटलं ते मलाच ऐकू आलं. कमलाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या गावंडे साहेबांच्या केबिनच्या दारात गेल्या. साहेब भिंतीवरच्या त्या हिरव्या रिपोर्टाच्या फ्रेमखालीच बसले होते.

"साहेब, हातानंच वजन कापाचं हाय तं मी माही गाडी जुन्या मंडीतल्या अडत्याकडं नेते. तोबी कापते, पण चाय तं पाजते."

गावंडे साहेबांचा चेहरा उतरला. हिवरखेडची गाडी गेली तर तिच्यामागे आजूबाजूच्या गावांच्या गाड्या जाणार, आणि यार्डात उरणार एक अत्यंत सुरक्षित मशीन. त्यांनी कमलाबाईंना पुढच्या सोमवारपर्यंत थांबायची विनंती केली. कमलाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी काटा दिसला पायजे." त्या दिवशीचा माल त्यांनी दिला, पण रामदासभाऊ टाइप करत असताना त्या सगळा वेळ त्यांच्या बोटांकडे पाहत होत्या. बोटं मात्र आपल्या सवयीने चालली.

मूर्तिजापूर येईपर्यंत बसमध्ये मी चरफडत होते. ज्या बाईच्या घामाचं वजन बरोबर लागावं म्हणून ते मशीन बनलं, तिचाच किलो त्या मशीनवर रोज कापला जात होता, तोही छापील चिठ्ठीसह.

दुसऱ्या दिवशी इंगोले सरांनी तोडगा सुचवला. लाल ओळ तेवढी हिरवी ठेवा आणि काटाही चालवा. मी म्हटलं, दोन्ही होणार नाही, दरवाजा नाही तर ड्रायव्हर आत शिरेल कुठून. ते म्हणाले, उद्या दुसऱ्या क्लायंटने लाल पाहिलं तर कंपनीची इज्जत काय राहील. मी म्हटलं, सर, सोमवारी हिवरखेडची गाडी आली नाही, तर यार्डच राहणार नाही. मग आपण नेमकं काय सिक्युअर ठेवायचं?

सरांनी गावंडे साहेबांना लावायला घेतलेला फोन परत खिशात टाकला. मग म्हणाले, "करा. पण गावंडे साहेबाच्या फ्रेमले हात लावाचा नाही."

फ्रेमशी माझं काही भांडण नव्हतं.

मी पुन्हा यादीला बसले. मॉड्यूल वाय, सही सक्तीची, काट्याच्या ड्रायव्हरवर आमची सही. परदेशातल्या चोरासाठी होतं ते सगळं तसंच राहू दिलं, तोही कधी यायचाच. मग मी तो पहिला प्रश्न नीट विचारला. आपल्या चोराचा पत्ता आपल्याला ठाऊक होता. तो चोर नव्हताच, चांगला माणूस होता. तो यार्डातल्या खुर्चीवर बसत होता आणि त्याला आम्हीच कीबोर्ड नेऊन दिला होता. काटा जोडला तरी कीबोर्ड तिथेच राहणार, आणि बोटांची सवय काही व्हर्जन बदलून जात नाही.

यादीत बरंच खाली इनपुट डिव्हाइसचं पान आहे. हार्डनिंगवाले तिकडे फारसे फिरकत नाहीत. शेतकऱ्याचं कार्ड वेगळ्या वायरवर येतं, भाजी निवडायला मशीनच्या डब्यावरच बटणं आहेत, ती दोन्ही पुन्हा तपासून पाहिली. कीबोर्डशिवाय मशीनचं काहीच अडत नव्हतं. मी कीबोर्डच्या ड्रायव्हरपुढचं वाय खोडलं आणि एन लावलं. टूल चालवलं. एक ओळ लाल आली, तीच जुनी, मॉड्यूलची. कीबोर्डबद्दल टूल काहीच बोललं नाही, ना लाल ना हिरवं.

सोमवारी हिवरखेडची गाडी आली. कमलाबाईंनी क्रेट काट्यावर ठेवलं. काट्यावर बावीस किलो दोनशे उमटलं आणि त्याच क्षणी स्क्रीनवर बावीस किलो दोनशे. रामदासभाऊंची बोटं सवयीने चालली. काही झालं नाही. त्यांनी एन्टर जोरात दाबलं. मग कीबोर्ड उलटा करून झटकला.

"मॅडम, कीबोर्ड गेला."

"गेला नाही भाऊ. मशीनला तो आता दिसत नाही."

त्यांनी काट्याकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं. "पहिले काटा दिसत नव्हता, आता कीबोर्ड दिसत नाही. याले एका टायमाले एकच दिसते का?"

"एकच दिसतं," मी म्हटलं.

माल घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याच्या माणसाने कडत्याचं काय म्हणून विचारलं. रामदासभाऊंनी हात वर केले आणि कमलाबाईंकडे बोट दाखवलं. म्हणजे आता कडता मागायचा तर तो कमलाबाईंच्या तोंडावर मागावा लागणार होता. त्या माणसाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि क्रेट मोजायला लागला. कडता माझ्या कर्नलने संपवला असं मी म्हणणार नाही. तो फक्त मोठ्याने बोलावा लागतो एवढं झालं, आणि ते पुष्कळांना जमत नाही.

कमलाबाईंनी चिठ्ठी काट्याच्या आकड्याशेजारी धरून पाहिली, घडी घालून कमरेला खोचली आणि केबिनच्या दाराशी जाऊन गावंडे साहेबांना म्हणाल्या, "आता चाय." साहेबांनी मागवला. मलाही मिळाला. इतका गोड चहा मी एरवी पीत नाही, त्या दिवशी सगळा प्यायले.

त्यानंतर यार्डाकडून कीबोर्ड चालत नसल्याची तक्रार आमच्या सिस्टिममध्ये आली. मी ती 'अपेक्षेप्रमाणे चालू आहे' असा शेरा मारून बंद केली. ती पुन्हा आली, मी पुन्हा बंद केली. कीबोर्ड अजून टेबलावरच आहे. मी तो परत मागितला तर रामदासभाऊ म्हणाले की असू द्या, त्याशिवाय खुर्चीवर बसल्यासारखं वाटत नाही.

नवीन पोरांना मी एवढंच सांगते की वाय-एन करायला बसण्याआधी चोराचा पत्ता काढा. बहुतेक वेळा तो रशियाच्या बराच अलीकडे निघतो.

फ्रेम गावंडे साहेबांच्या डोक्यावर आजही आहे, एकही लाल ओळ नसलेली. तो रिपोर्ट ज्या कर्नलचा आहे तो कर्नल आता कुठल्याच मशीनवर चालत नाही. त्यामुळे तो खरोखरच शंभर टक्के सुरक्षित आहे.