शिवणीचा तुकडा

टक्, टक्, टक्. वैशाखाच्या उन्हात भाजून निघालेल्या काळ्या मातीवर बॅटीचं टोक आपटल्याचा तो कोरडा, स्वच्छ ध्वनी आजही कुठे कानी पडला, की आधी माझ्या छातीत धडधड होते आणि खेळ पाहण्याचा आनंद मागाहून येतो. तुम्ही म्हणाल, त्या निरुपद्रवी आवाजात भिण्यासारखं आहे तरी काय? सांगतो, पण हसू नका.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता. शेलूबाजारच्या आमच्या संघात धड म्हणावी अशी एकच बॅट होती आणि ती होती सुखदेवची, माझ्या मित्राची. नागपूरला नोकरीला लागलेल्या थोरल्या भावाने ती त्याला पाठवली होती. सुखदेव आठवडाभर दूर रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जाई आणि तेवढे दिवस बॅट माझ्या घरी राही. दर रविवारी संध्याकाळी तो दारात येई, एक अक्षरही न बोलता ती माझ्या हाती देई आणि वळून निघून जाई. त्या अबोल देण्यात केवढा निःशंक विश्वास होता! मला तो कळत होता, त्याचा अभिमानही वाटत होता.

येत्या रविवारी धनजच्या संघाशी सामना होता. सोमवारी बॅटीला तेल चोळताना टोकाशी केसाएवढी चीर दिसली. आता आमच्या घरची रीत अशी, की उन्हाळ्यात गाडीची चाकं सुकून खिळखिळी झाली, म्हणजे बाबा ती डोहात बुडवून ठेवत. लाकूड फुगे, सांधे आवळत आणि चाक पुन्हा ठणठणीत होई. चाकाला जे मानवतं ते बॅटीला का मानवू नये? मोठ्या हुशारीने मी ती दिवसभर हौदात उभी केली. चीर खरोखरच मिटली! मी स्वतःवर इतका खूश झालो, की दुसऱ्या दिवशी ती वाळायला थेट टिनाच्या छपरावर टाकली. उतरवायला गेलो तेव्हा टोक उभं फाटलं होतं, बोट शिरेल एवढं.

पोत्यात गुंडाळून, आडवाटेने मी ती किसनकाका सुतारांकडे नेली. काका जन्मभर नांगर-तिफणी घडवत आलेले. बॅट त्यांनी उभ्या आयुष्यात हाती घेतलेली नव्हती. त्यांनी अंगठ्याचं नख रुतवून लाकूड पाहिलं.

"काका, बाभळीचा तुकडा बसवा. दगडावानी टिकन," मी घाईने म्हटलं.

"बाभूळ बसवली त ते टिकन अन् बाकीची बॅट फाटन. कवळ्या लाकडाले कवळाच सोबती लागते."

मग कोपऱ्यातलं एक मोडकं जू त्यांनी ओढून काढलं. शिवणीच्या झाडाचं होतं ते. बैलाच्या मानेवर बसायचं लाकूड हलकं हवं म्हणून मुद्दाम निवडलेलं, वर्षानुवर्षं मानेवर घासून गुळगुळीत झालेलं. फाटका भाग कापून काकांनी तिथे आत रुंद, तोंडाशी अरुंद अशी खाच पटाशीने कोरली, जुवाचा तुकडा त्याच मापाचा करून सरस लावून समोरून हळूहळू ठोकत आत सरकवला आणि वर सुतळी आवळून बांधली.

शुक्रवारी बॅट घ्यायला गेलो, तर पिवळट अंगात तो तांबूस तुकडा लख्ख उठून दिसत होता. रंग लावून द्या म्हटल्यावर काका चिडले.

"मी सांधा झाकत नसतो. दिसला म्हणजे धरणाऱ्याले मालूम राह्यते, जोर कुठं द्या लागते."

मी मान डोलावली, आणि घरी येऊन टोकाभोवती चिकटपट्टी गुंडाळली. भित्रेपणाला किती चटकन युक्त्या सुचतात!

रविवारी धनजच्या मैदानावर दोन चेंडू उरले होते आणि दोन धावा हव्या होत्या. सुखदेव खेळायला नुकताच आला होता. समोरच्या टोकाला मी. धनजचा गोलंदाज नेमका पायात चेंडू टाकण्यासाठी प्रसिद्ध. सुखदेवने पवित्रा घेतला, बॅट आपटली. ठक्... तो थबकला. पुन्हा आपटली, कान देऊन ऐकलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. सारं मैदान खोळंबलं. मी चालत त्याच्यापर्यंत गेलो.

"हिचा आवाज काहून बदलला?"

"चाकावानी पाण्यात ठेवली होती म्या. फाटली. किसनकाकानं सांधून देल्ली."

त्याने पट्टी टराटरा सोलली. तांबूस तुकड्यावरून अंगठा फिरवला.

"सांधा त मजबूत हाये. मंग झाकला काहून?"

मी परत माझ्या जागी गेलो. गोलंदाज धावत आला, चेंडू बरोबर पायात पडला आणि सुखदेवने बॅट खाली दाबली. चेंडू त्या तुकड्यावरच आदळला. मला फक्त एक जाडसर ठक् ऐकू आलं. तुकडा जागचा हलला नव्हता, चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून दूर निघाला होता. आम्ही दोन धावा पळालो. पोरांनी सुखदेवला खांद्यावर घेतलं, पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या जीपमध्ये तो माझ्यापासून लांब, पुढे जाऊन बसला. शेलूबाजारला उतरला, बॅट खांद्यावर टाकली आणि प्रथमच माझ्या दाराकडे न वळता घराकडे चालू लागला. सामना जिंकूनही मी तिथे पार हरलेला उभा होतो. वीसेक पावलं गेल्यावर तो थांबला, परत आला, बॅट माझ्या हातात ठेवली.

"आता पाण्यात टाकू नको," एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर मी अंगणातल्या टणक मातीवर तिचं टोक हळूच आपटलं. ठक्. पूर्वीचा स्वच्छ आवाज गेला होता तो गेलाच, आणि त्याला जबाबदार मी होतो. पुढे सात उन्हाळे ती बॅट दर आठवड्याला माझ्या घरी येत राहिली. त्या सांध्यावर मी पुन्हा कधी पट्टी चिकटवली नाही.