आजोबांचा पलंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. माझ्या बहिणीला, पारूला, यातलं अर्धं ठाऊक होतं. पण त्या अर्ध्याबद्दलही आम्ही भावंडं कधी बोललो नाही. आता तुम्ही ऐकायला बसला आहात — तर सांगून टाकतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या. मला हे सरळ सांगता येत नाही.

सामानापासून सुरू करतो. सामानाबद्दल बोलणं सोपं आहे.

आम्ही वलगावचे. जमीन काळी, कसदार. पण राहणं साधं. मातीचं घर, झोपायला बाजा, देवळीत दिवा. वडील लवकर गेले. शेत मायनं सांभाळलं, पुढे मी हाताशी आलो. मग ती तेजी आली. समुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की वेचणाऱ्या बाया बोंडाकडं बघून हसायच्या. मी नुसता पिकवत बसलो नाही. गावोगावचा कापूस उचलून अमरावतीत विकू लागलो, आणि थोड्याच हंगामांत परकोटाच्या आत घर बांधलं — चुन्याच्या भिंती, वर माडी. माय, पारू आणि मी राहायला आलो. आणि त्या एवढ्या मोठ्या घरात आमच्या त्या बाजा! बघितल्या की मलाच लाज वाटायची.

नवीन सामान करून घेता आलं असतं. सुतार होते, लाकूड होतं. पण मला नवीन नको होतं. नवीन त्या वर्षी सगळ्यांकडंच होतं. शहरातली जुनी घराणी आमच्यासारख्यांना मागं ‘कापूसराव’ म्हणायची — काल बोंडं वेचत होते, आज माडीवर बसतात. मला कापूसराव व्हायचं नव्हतं. मला जुनं व्हायचं होतं. माणसाला आजोबा विकत घेता येतो का? येतो. एलिचपूरला मिळायचा.

एलिचपूर नवाबी गाव. पण तोवर व्यापार सगळा अमरावती-अकोल्याकडं सरकला होता आणि तिथल्या हवेल्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. करीमभाई नावाचा माणूस त्यांतलं सामान घेऊन विकायचा. त्याच्या अंगणात लिंबाखाली सगळं मांडलेलं असायचं — पारा उडालेले आरसे, काचेच्या हंड्या, पितळी पानदानं, नक्षीचे पेटारे. तिथंच मला तो पलंग दिसला. शिसवी, काळाभोर, चारी खुरांवर वेल कोरलेली, डोक्याशी दोन राघू. एका राघूची चोच झिजलेली, कुणी तरी वर्षानुवर्षं तिथं हात ठेवल्यासारखी. मी तिथल्या तिथं तो घेतला, बरोबर एक पानदानही. खोटं कशाला बोलू — मला ते सामान मनापासून आवडायचं. अकोल्याला एक गोरा कापूस-व्यापारी देश सोडून निघाला, त्याची वेताची आरामखुर्ची मिळत होती, तीही आवडली होती. पण घेतली नाही. कारण आमचा आजोबा वेताच्या आरामखुर्चीत बसला असता, असं कुणाला पटलं नसतं.

बघा — म्हणजे तेव्हाच माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं.

गाडीतून सामान उतरलं तेव्हा मायच पुढं झाली. चिंच लावून पानदान घासलं, पलंगाला तेल पाजलं. तिला स्वतःला त्यावर झोप यायची नाही. ती खाली घोंगडीवर निजायची. पण पुसायची मात्र रोज. एकदा मला म्हणाली, “कोन्या तरी लेकीबाईनं हौसेनं वापरलं असन हे. तू बी जपून वापर.” तिला त्या सामानाची लाज नव्हती. दुसऱ्याचं होतं, आता आपल्याकडं आलंय, नीट ठेवावं — एवढंच तिचं म्हणणं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे तिला अखेरपर्यंत कळलं नाही.

पहिल्यांदा घडलं ते शेजारच्या वकिलांसमोर. ते घर बघायला आले होते. पलंगावरून हात फिरवत म्हणाले, जुनं काम दिसतं. मी म्हणालो, आजोबांचा. आजोबा गाविलगडावर शिलेदार होते, किल्लेदारानं खूश होऊन दिलेला. हे वाक्य मी एलिचपूरहून येताना वाटेत घोकलं होतं. इतक्यात माय पाणी घेऊन आली आणि हसून म्हणाली, “कायचा शिलेदार? याचा आजा वखर हाकलता हाकलता म्हातारा झाला. हे तं एलिचपूरचं हाय, ह्या गनपतनं गाडीत घालून आनलं.”

वकिलांनी माझ्याकडं बघितलं. माय आत गेली, आणि मी आवाज खाली घेऊन म्हणालो — वडील गेल्यापासून तिचं असं होतं. काही आठवतं, काही नाही. काहीच्या काही बोलते.

वकिलांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी दया आली. किती सोपं होतं ते! मी घाबरलो होतो त्याच्या मानानं किती सोपं.

मग ते शेजारी पसरलं. मी फार काही केलं नाही. एकदा पेरलं की उगवायला काय लागतं? आळीतल्या बायका मायशी मोठ्यानं, सावकाश बोलायला लागल्या, लहान पोराशी बोलावं तसं. देवीच्या देवळात तिचा हात धरून तिला पायऱ्या चढवायला लागल्या — जी बाई वलगावला डोक्यावर कापसाचा भारा घेऊन बांधावरून चालायची. मायनं पारूला कारण विचारलं. पारूनं काय सांगितलं मला माहीत नाही. पण माय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तू लोकायले सांगून राहिला का माह्यं डोकं फिरलं म्हनून?”

मी म्हणालो, लोक काहीही बोलतात, तू लक्ष देऊ नको.

ती चिडली. त्यानंतर जो येईल त्याला ती पलंग दाखवून सांगायची, की हा आमचा नाही. कुणी विचारलं नसलं तरी सांगायची. आणि जितकी ती चिडून सांगायची तितकी ती वेडी दिसायची. खरं बोलणारा माणूस पुन्हा पुन्हा तेच बोलायला लागला की कसा दिसतो, हे मी तेव्हा बघितलं. तिला सुटायला जागाच नव्हती. आणि मला? मला होती का? मी रोज सकाळी ठरवायचो की आज वकिलांकडं जाऊन खरं सांगू. पण मग एक नव्हे, दोन खोटी कबूल करावी लागली असती. पलंगाचं सांगता आलं असतं एक वेळ, हसण्यावारी नेलं असतं. पण आईला वेडी म्हणालो — हे कसं हसण्यावारी नेणार?

मग पारूला स्थळ आलं. अकोल्याचे देशमुख. जुनं घराणं, गावोगाव मान. ते बघायला येणार त्या सकाळी मी मायला म्हणालो, आज तू मागच्या खोलीत बस. ती म्हणाली, लेकीले पाहाले पाहुने येते अन् माय मागं काहून बसन? ती त्या खोलीत काही आणायला गेली आणि मी बाहेरून कडी लावली. पारू दारात उभी होती. तिनं बघितलं. मग तिनं पदर नीट केला आणि स्वयंपाकघरात गेली.

पाहुणे बसले. पानदान फिरलं. आजोबा, गाविलगड, किल्लेदार — सगळं सांगून झालं. आणि मागून दारावर थापा पडायला लागल्या. जोरात नाही. थांबून थांबून. देशमुखीणबाई वयस्क, शहाण्या. त्यांनी विचारलं, काय आहे ते. वेड रक्तात आहे असं त्यांना वाटलं असतं तर लग्न तिथंच मोडलं असतं. मी म्हणालो — आईला वडिलांच्या जाण्याचा धक्का आहे, दुसरं काही नाही. पाहुण्यांना त्रास नको म्हणून आत बसवलंय. त्या उठल्या. म्हणाल्या, विहीणबाईंना असं कोंडून ठेवू नका, बाहेर आणा. मला कडी काढावी लागली.

माय बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा घामानं भिजलेला. ती रडत नव्हती. सरळ देशमुखीणबाईंसमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, “बाई, मी येडी नाही. हे सामान आमचं नाही. बाकी पोरगी चांगली हाय, तिले करून घ्या.”

देशमुखीणबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि तिला अगदी मायेनं सांगितलं, “हो हो, तुमचंच खरं आहे. तुम्ही आता निवांत पडा.”

त्या क्षणी मायनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत राग असेल. राग नव्हता. विहिरीत पडलेलं माणूस वर बघतं तसं ती बघत होती — वर कुणी तरी उभं आहे, ते दोर टाकेल, अशा खात्रीनं.

लग्न ठरलं. झालं. पारू अकोल्याला गेली, सुखी झाली. मायनं मग ते सामानाचं बोलणं सोडून दिलं. वैद्यांचा काढा दिला की पिऊन टाकायची. देवऋषीनं अंगारा लावला की कपाळ पुढं करायची. माझं लग्न झालं; बायको आली ती वेड्या सासूच्याच घरात आली, तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. ती मायची सेवा फार चांगली करायची. पुढं ती लढाई संपली आणि कापूस कोसळला. शहरातल्या किती तरी कापूसरावांनी हौसेचं सामान जसं आणलं तसं काढून टाकलं आणि मोकळे झाले. मला ते करता येईना. आजोबांची वस्तू कोण विकतं?

माय गेली तेव्हा आळीतले लोक म्हणाले, सुटली बिचारी. माझी मुलं आता पाहुण्यांना गाविलगडाची गोष्ट सांगतात. माझ्यापेक्षा छान सांगतात.

आता तुम्हाला वाटेल, झालं, हेच सांगायचं होतं याला. नाही. कडी लावली ते वाईटच. तिला वेडी ठरवलं ते त्याहून वाईट. पण त्या वेळी निदान कुणी तरी समोर होतं, ज्याची मला भीती होती. मला जे सांगायचं आहे ते — ते अजून राहिलंय.

माय जाण्याच्या आधीचा हिवाळा. दुपारची वेळ. बायको माहेरी गेलेली, गडी शेतावर. मागच्या अंगणात सरकी वाळत होती आणि घरात आम्ही दोघंच होतो. मी पलंगावर पडलो होतो. माय फडकं घेऊन आली, खूर पुसायला लागली, आणि पुसता पुसता खालीच बसली. मग म्हणाली, “गनपत, एक इचारू? इथं कोनी नाही, खरं सांगजो. हा पलंग पहिल्यापासून आपलाच व्हता का रे? मले एलिचपूरहून आलेली गाडी दिसते डोयापुढं. बैल बी दिसते, एकाचं शिंग मोडलेलं. पन सारे म्हनते, अशी गाडी आलीच नाही. मले आता समजून नाही राह्यलं.”

बैलाचं शिंग मोडलेलं होतं. मला चांगलं आठवत होतं.

तेव्हा मला कशाचीही भीती उरली नव्हती. पारूचं लग्न होऊन ती आई झाली होती. तेजी संपली होती, कुणाला माझ्या घराण्याचं काही पडलेलं नव्हतं. दार उघडं होतं, दारात कुणी नव्हतं. तुझंच खरं, माय — एवढंच म्हणायचं होतं. ती ते कुणाला सांगायला गेली नसती. गेली असती तरी कुणी विश्वास ठेवला नसता. ती सोय मीच करून ठेवली होती.

मी म्हणालो, “आपलाच आहे, माय. आजोबांचा. गाडी तुला स्वप्नात दिसली असेल.”

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी नजर हलू दिली नाही. मग तिचा चेहरा हळूहळू सैल पडला, जड ओझं खाली ठेवावं तसा. ती म्हणाली, “मंग बरं झालं इचारलं. इतकी वर्सं मी तुले मनात लबाड म्हनत व्हती. पोटच्या पोराले. माफ कर बापा मले.”

तिनं हात जोडले होते. मी ते धरून खाली केले आणि तिला माफ केलं.