बुंध्याभोवतीचा बर्फ

मला वाट बघता येत नाही. बस पाच मिनिटं उशिरा आली तरी मी रस्त्यावर उतरून वळणाकडे बघत उभी राहते. बघितल्याने बस लवकर येत नसते, हे नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून बघितलं आणि मग नाद सोडून दिला. अशा बाईला देवाने नव्वदच्या दशकात नेऊन टाकलं कुठे, तर जपानच्या उत्तरेला, यामागाताच्या डोंगरातल्या एका गावात, जिथे डिसेंबरात पडलेला बर्फ मार्चपर्यंत जागचा हलत नाही. नवरा पुण्याहून एका कारखान्याच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी दोन वर्षं आला होता. बाकीचे आपले लोक तोक्योत. तिथल्या फुनाबोरी भागातली माझी मैत्रीण फोनवर सांगायची, "आज आम्ही चौघींनी मिळून पुरणपोळ्या केल्या गं!" आणि मी इथे बँकेतली नोकरी सोडून आलेली, दिवसभर घरात एकटी. न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली. वेड लागायचं तेवढं बाकी होतं.

शेजारी एक म्हातारं जोडपं राहायचं. तोंडाने मी त्यांना ओजीइसान आणि ओबाआसान म्हणायचे, मनात मात्र आजोबा आणि आजीच. त्यांच्या घरामागच्या उतारावर आजोबांची पाच मेपलची झाडं होती. शरदात लाल होणारी, फोटोतली ती नव्हेत. यांची पानं पिवळी होतात आणि हिवाळा सरता सरता यांच्या खोडातून पाण्यासारखा रस येतो. लढाईच्या दिवसांत साखर मिळेना तेव्हा आजोबांच्या वडिलांनी तो आटवून घरात गोड आणलं. तेव्हापासून दर वर्षी बादल्या भरायच्या, दिवसभर चुलीवर आटवायच्या, आणि शेवटी हाती काय, तर एक-दोन बाटल्या दाट, तपकिरी पाक!

सगळी मेख होती ती खोडाला भोक कधी पाडायचं यात. रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं, तरच रस चढतो. लवकर पाडलं तर रस येत नाही आणि वाट बघून बघून भोक आतून सुकून जातं. उशीर झाला तर कळ्या फुगतात आणि रसाला उग्र वास येतो. एका झाडाला वर्षातून एकच भोक, हा आजोबांचा नियम, त्यामुळे चुकलं की ते झाड त्या वर्षापुरतं गेलंच. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी रोज त्यांच्या मागे लागायचे, "आज का नाही? ऊन तर पडलंय!" ते मला हाताला धरून झाडाशी न्यायचे आणि बोटाने बुंधा दाखवायचे. बर्फ खोडाला घट्ट चिकटलेला असायचा. झाड आतून जागं झालं की बुंध्याभोवतीचा बर्फ आधी वितळतो आणि खोडाभोवती गोल खळगा उघडतो. तो उघडेपर्यंत भोक पाडायच्या गिरमिटाला हात लावायचा नाही. मग मार्चात एके सकाळी तो खळगा उघडलेला दिसला, आणि म्हातारा माझ्याकडे बघून असा हसला की जणू त्यानेच रात्री जाऊन उकरला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात आजोबा दवाखान्यात होते. जानेवारीच्या शेवटी त्यांना घरी पाठवलं. घरी पाठवलं म्हणजे काय ते गावात सगळ्यांना कळलं. आजींनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, "एप्रिलात साकुराची फुलं येईपर्यंतचं डॉक्टर काही बोलत नाहीत." आणि आजोबांनी एकच गोष्ट मागितली होती, यंदाचा रस चाखायचा.

त्यांचं अंथरूण अंगणाकडच्या काचेच्या दाराशी घातलं होतं. आजींचे गुडघे गेलेले, त्यांना उतार चढवेना, म्हणून रोज झाडं बघून यायचं काम माझ्याकडे आलं. मी गमबूट घालून दुपारी वर जायचे, पाचही बुंधे बघायचे आणि खाली येऊन त्यांच्या अंथरुणाशी बसायचे. ते विचारायचे, "उघडलं?" मी म्हणायचे, "नाही." ते म्हणायचे, "मग उद्या." बस, एवढंच! माझा जीव वर-खाली व्हायचा. एका आठवड्यात त्यांची मनगटं निम्मी झाली, पेज दोन चमच्यांवर आली, आणि हा माणूस म्हणतो उद्या!

मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. "अरे, तो माणूस चाललाय आणि झाडं ढिम्म बसलीत!"

"अगं, झाडांना काय माहीत?" तो म्हणायचा. मग मी त्याच्यावरच आणखी चिडायचे.

सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. त्यात फेब्रुवारीत शिवरात्र होती. आमच्याकडे शिवरात्र झाली की थंडी गेलीच म्हणून समजायचं, हे मी आजींना छातीठोकपणे सांगून टाकलं. आजींनी मान डोलावली, त्यांना बिचाऱ्यांना तेवढाच आधार. मी उपास केला, रताळी उकडली आणि मनातल्या मनात शंकराला दम दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडेना, इतका बर्फ रात्रीतून पडला होता. पुण्याचा शंकर यामागातात चालत नाही हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी एक दुपार बरी गेली. पागोळ्या टपटपायला लागल्या. मी जवळजवळ धावत वर गेले. पाचही बुंधे बघितले. बर्फ खोडाला तसाच चिकटलेला, बोटसुद्धा आत जाईना. मी हाताने थोडा उकरूनही बघितला, लाज वाटते सांगायला. खाली आले तेव्हा आजोबांचे डोळे मिटलेले होते आणि श्वास मधेच अडकत होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "उघडलं?"

मी म्हणाले, "हो."

तोंडातून निघून गेलं. आता परत कसं घेणार? उलट मी आणखी लावून सांगितलं, एवढा एवढा खळगा आहे, मूठ जाईल एवढा. आजोबा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून काचेतून अंगणात बघितलं.

"मग उद्या पाड," ते म्हणाले. "पण एकालाच. खालचं वाकडं झाड आहे ना, त्याला. बाकीच्या चारांना हात लावू नकोस."

"पण सगळीकडे उघडलंय ना! एकाचा किती निघणार?"

"वाकडंच," ते म्हणाले आणि दमून त्यांनी डोळे मिटले. मरायला टेकले तरी हट्ट जात नाही म्हाताऱ्यांचा, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं गिरमिट घेऊन वर गेले. दक्षिणेकडून, छातीच्या उंचीवर, दोन पेरं खोल, सगळं त्यांनी शिकवलेलं आठवून केलं. भुसा बाहेर आला तो कोरडा, पांढरा. आदल्या वर्षी ओला आला होता, हेही मला आठवलं. भोकात नळी बसवली, खाली बाटली बांधली आणि बघत उभी राहिले. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ. आजोबा काही विचारीत नव्हते, आणि ते विचारत असते तर बरं, असं मला झालं होतं. त्यांच्या एका झाडाचं वर्ष मी फुकट घालवलं होतं आणि हातात थेंब नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी बाटलीच्या तळाशी अर्धी वाटी काहीतरी गोठलेलं दिसलं. बाटली जॅकेटच्या आत धरून घरी आणली, वितळवली आणि बोट बुडवून चाखली. नुसतं पाणी. थोडा लाकडाचा वास, बाकी नळाचं पाणी. आटवावं तर भांड्याला चिकटण्यापुरतंही राहिलं नसतं. डब्यात पुण्याहून आणलेला गूळ होता. एकतारी पाक करून नेला तर कोणाला कळणार आहे, असं मनात आलं. गुळाचा खडा काढून हातात घेतलाही. पण त्या माणसाशी एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा हात धजेना. खडा परत डब्यात टाकला आणि ते पाणी तसंच घेऊन गेले.

आजींनी चमच्याने पाजलं. दोन चमचे. आजोबांनी ते तोंडात बराच वेळ धरून ठेवलं, मग गिळलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "यंदाचा चांगला गोड आहे."

मला रडूच फुटलं. आजारपणात जिभेची चव जाते, त्यांना गोड लागलं तर लागो बापडं, असं मी स्वतःला समजावलं आणि देवाचे आभार मानले. ते पुढे म्हणाले, "बाकीची चार थांबू देत. तूही थांब." मी हो हो म्हणाले. त्या क्षणी त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

भोक पाडल्याच्या सहाव्या दिवशी आजोबा गेले.

मार्चच्या मध्यावर मी सवयीने वर गेले, तर चारही बुंध्यांभोवती खळगे उघडलेले, आत मागच्या वर्षीची कुजकी पानं दिसत होती. गिरमिट फिरवलं तर भुसा ओला. नळ्यांतून टपटप सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत बादल्या अर्ध्या झाल्या. वाकड्या झाडाचं भोक मात्र सुकून गेलं होतं. आजींनी आणि मी दिवसभर चुलीशी बसून आटवलं. पहिली बशी त्यांच्या फोटोपुढे ठेवली. मग आजींनी कपाटातून एक जाड वही काढली. आजोबा दर वर्षी त्यात एक ओळ लिहायचे, म्हणाल्या, तारीख आणि बुंधा कसा होता ते. मला जपानी बोलता येत होतं, वाचता मात्र आकड्यांपलीकडे येत नव्हतं. पण शेवटच्या पानावर त्याच वर्षाच्या फेब्रुवारीच्या दोन तारखा मला दिसल्या, खाली थरथरत्या हाताची अक्षरं.

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

आजींनी चष्मा लावला. "उघडलेलं नाही. तरी पाड म्हणून सांगितलं."

"पण त्यांना कसं कळलं? ते तर इथे झोपून..."

आजींनी हनुवटीने काचेबाहेर दाखवलं. अंगणात, त्यांच्या अंथरुणाच्या अगदी समोर, तेंदूफळाचं झाड उभं होतं. बुंध्याभोवती हा मोठा खळगा. "हे उन्हात आहे ना, हे आधी उघडतं," त्या म्हणाल्या. "वरची त्यानंतर आठ-दहा दिवसांनी." एवढे दिवस मी त्या झाडाला पाठ करून बसत होते. ज्या दुपारी मी मुठीएवढा खळगा सांगितला, त्या दुपारी ते झाड त्यांच्यासमोर बर्फात गच्च रुतलेलं होतं.

"आणि खालची ओळ?"

आजींनी बोट खाली सरकवलं. "चाखला. पाणी आहे. गोड आहे असं तिला सांगितलं."

आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मग पेन माझ्यापुढे केलं. "यंदाची खरी तारीख तू लिही. बुंधे तूच बघितलेस."

मी तारीख घातली आणि पुढे, दुसरं काही येत नव्हतं म्हणून, मराठीतच लिहिलं. काय लिहिलंस, असं आजींनी विचारलं, तेव्हा मी त्यांना जपानीत सांगितलं: उघडलं आहे, आजोबा. या वेळी खरं.