संग्राहकाचा रकाना

वाळवलेल्या झाडांच्या खोलीत चार वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास नगरच्या एका कॉलेजात मी बॉटनीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. सांगायला बसतो हसत, आणि शेवटी माझीच मान खाली जाते.

प्रत्येक नमुन्याच्या कागदावर लेबल असतं. झाड कुठं, किती उंचीवर सापडलं, कुणी आणलं. हेडसरांचा हट्ट असा, की लेबल मराठीतच हवं. एकदा कंटाळून मी एका दमात सगळ्यांवर ‘चार हजार फूट’ लिहून टाकलं. त्यात कॅन्टीनमागचा कडुनिंबही होता! सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “उद्यापासून चहाला जाताना दोर घेऊन जा.”

टिपकागदात दाबलेली झाडं मी घरी गादीखाली ठेवायचो. एका दुपारी सासरे आले आणि नेमके तिथंच आडवे झाले. उठल्यावर पाठ चोळत म्हणाले, “जावईबापू, कापूस परवडत नाही का?” बायको आठवडाभर बोलली नाही. नमुने मात्र झकास सपाट झाले होते.

मग ते झुडूप. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर, कातळाच्या भेगेत वाढणारं, वीतभर उंचीचं. आमच्या कपाटात त्याचा एकही नमुना नव्हता. गडाखालच्या वाडीतला कोंडाजी कड्यावरून उतरला आणि मी वर त्याच्या वहाणा राखत बसलो. गुडघे सोलून घेऊन तो परत आला, पण मजुरी घेईना.

“पैसं नगं, मास्तर. त्या कागदावर माजं नाव लिवा. आमच्या घरात कुनाचंच नाव कुटं लिवल्यालं न्हाई.”

लिहितो म्हणालो. पण लेबलावर ‘संग्राहक’ असा रकाना एकच, आणि नोकरीत कायम होण्यासाठी माझा अर्ज तेव्हाच वर गेलेला. मी माझं नाव लिहिलं.

पुढं पुण्याहून एक संशोधक आले. माझं लेबल वाचून ते दोन दिवस गडावरच्या देवळाच्या उत्तरेला हिंडले, आणि झुडूप होतं पश्चिमेला. दिशा मी अंदाजानं ठोकली होती. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतः खुडलंत ना?” मी हो म्हणालो. हेडसर म्हणाले, “त्यांचं होकायंत्र कॅन्टीनकडंच वळतं.” सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

आणि हा शेवटचा. कोंडाजी सुनेला दवाखान्यात दाखवायला नगरला आला, तसा तिला घेऊन कॉलेजात आला. त्याला त्याचा कागद बघायचा होता. मी कपाट उघडलं, कागद टेबलावर ठेवला आणि माझ्याच नावावर बोट ठेवून म्हणालो, “हे तुमचं नाव.”

त्यानं हात धोतराला पुसले आणि ती अक्षरं हलकेच चाचपली. मग सुनेकडं वळून म्हणाला, “चौथी शिकलीया ही. वाच गं, मोठ्यानं वाच.”

ती वाकली. ओठ हलवत तिनं लेबल वाचलं, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

तिनं पदर सावरला, माझ्या नावाखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर सावकाश लावत सासऱ्याचं नाव वाचलं. बापाच्या नावासकट, वाडीच्या नावासकट.